थंडीतही शेततळ्याचं पाणी घटतंय? बाष्पीभवन की गळती, एका बादलीने असं ओळखा

पाऊस कधीच थांबलाय. ऊन अजून तापलेलं नाही. पाणी द्यायची पाळीही आठवडाभर आलेली नाही. तरीही शेततळ्याच्या काळ्या कागदावर पाण्याची ओली रेषा रोज थोडी खाली सरकलेली दिसते. डिसेंबर-जानेवारीत नाशिक, अहिल्यानगर, सोलापूर, सांगली या पट्ट्यातल्या अनेक शेतकऱ्यांना हाच प्रश्न पडतो. एवढ्या थंडीत पाणी जातंय कुठे?

यावर दोन उत्तरं लगेच मिळतात. एक म्हणतो, "कागद फाटलाय, बदलून टाका." दुसरा म्हणतो, "हवेने उडतंय, चालायचंच." दोन्ही उत्तरं अंदाजाने दिलेली असतात आणि दोन्ही महागात पडू शकतात. कागद धड असताना तळं रिकामं केलं तर उन्हाळ्याचं पाणी स्वतःच्या हाताने घालवलं. गळती असताना 'उडतंय' म्हणून सोडून दिलं तर एप्रिलमध्ये तळाशी फक्त गाळ उरतो. खरं उत्तर काढायला लागतं ते साहित्य घरात असतंच: एक बादली, एक फूटपट्टी, एक मार्कर आणि तीन दिवस.

आधी हिशोब: १ मिलिमीटर म्हणजे किती पाणी?

२०१६ मध्ये सुरू झालेल्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेमुळे ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल हा आकार सगळ्यांच्या ओळखीचा झाला. बाजूंचा उतार एकास एक असेल तर अशा तळ्यात काठोकाठ २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं.

आता एक सोपं सूत्र. पाण्याच्या पृष्ठभागाची लांबी गुणिले रुंदी (मीटरमध्ये) गुणिले पातळीतली घट (मिलिमीटरमध्ये) म्हणजे थेट लिटर. ३० बाय ३० च्या तळ्यात पातळी फक्त १ मिमी उतरली, तर ९०० लिटर पाणी गेलं. फूटपट्टीवरची ती एक बारीक रेघ म्हणजे साडेचार बॅरल.

मोजताना एक चूक हमखास होते. बाजू उतरत्या असल्याने ओली रेषा कागदावर जितकी सरकलेली दिसते, तितकी पातळी खाली गेलेली नसते. एकास एक उतारावर १ सेंमी पातळी घटली, तर कागदावर १.४ सेंमी पट्टा उघडा पडतो. उतार एकास दीड असेल तर १.८ सेंमी. म्हणून उतारावर मोजलेल्या आकड्याला १.४ किंवा १.८ ने भागायचं. हा भागाकार न केल्यामुळे 'रोज सेंटिमीटरभर पाणी जातंय' असं वाटून घाबरलेले बरेच जण असतात. प्रत्यक्षात घट ६-७ मिमीच असते.

थंडीत पाणी उडतं का? उडतं

हा मोठा गैरसमज आहे. पाणी उडण्यासाठी ऊन लागतंच असं नाही. पाण्याला टेकलेल्या हवेतला बाष्पाचा दाब आणि वरच्या कोरड्या हवेतला दाब यांत फरक असला की पाणी उडत राहतं. तळ्याचं पाणी २० अंशांवर असेल तर पृष्ठभागावर हा दाब २३ मिलिबारच्या आसपास असतो. उत्तरेचा कोरडा वारा सुटलेल्या दिवशी हवेतल्या बाष्पाचा दाब १० मिलिबारपर्यंत खाली गेलेला असू शकतो. म्हणजे फरक १३ चा. मे महिन्यात हा फरक वाढतो, वाराही जास्त असतो, त्यामुळे पाणी झपाट्याने उडतं. पण थंडीतला फरक शून्य नसतो.

शिवाय मोठं पाणी हळू गार होतं. रात्री हवा ८ अंशांवर आली तरी तळ्याचं पाणी त्यापेक्षा बरंच उबदार राहतं. निफाडकडच्या थंडीत पहाटे तळ्यावर जी वाफ तरंगताना दिसते, ती बाहेरून आलेलं धुकं नसते. ते तळ्यातलंच पाणी असतं. झोपेच्या वेळीही बाष्पीभवन चालू असल्याची ती खूण.

महाराष्ट्राच्या कोरड्या भागात हिवाळ्यात मोकळ्या पाण्यातून दिवसाला साधारण ३ ते ४ मिमी पाणी उडणं स्वाभाविक आहे. वाऱ्याच्या दिवशी ५ पर्यंतही जातं. पण 'साधारण' हा शब्द इथे कामाचा नाही. तुमच्या तळ्यावर, त्याच तीन दिवसांत, त्याच वाऱ्यात किती उडालं हे कळायला हवं. बादलीचं काम तेच.

बादलीची चाचणी कशी करायची?

ही पद्धत मूळची स्विमिंग पूलवाल्यांची. अमेरिकेत घरामागे जमिनीवर उभे केलेले पूल सर्रास दिसतात. पत्र्याची गोल भिंत आणि आत प्लास्टिकचा कागद, म्हणजे शेततळ्याचा लहान भाऊच. तिथे कडक थंडीत पूल झाकून ठेवतात आणि वसंतात झाकण काढल्यावर पाणी फूटभर खाली गेलेलं सापडतं. अनेकदा गुन्हेगार आतला कागद नसतोच. झाकणावर साचलेलं पाणी उपसायला ठेवलेला छोटा पंप झाकणाच्या भोकातून पूलचंच पाणी ओढत बसलेला असतो. आपल्याकडेही असाच एक 'पंपाचा' गुन्हेगार आहे, तो पुढे येईलच.

चाचणीसाठी १५-२० लिटरची बादली घ्या. तळाशी दोन दगड ठेवा. तळ्याचंच पाणी काठापासून ३-४ सेंमी कमी इतकं भरा. बादली तळ्याच्या पाण्यात अर्ध्याहून जास्त बुडेल अशी दोरीने भक्कम बांधा. काठावर पक्क्या ठोकलेल्या बांबूला किंवा लोखंडी पाइपला बांधली तर हलणार नाही. बादली बुडवायची ती आतलं आणि बाहेरचं पाणी एकाच तापमानाला राहावं म्हणून. बांधावर ठेवलेली बादली दुपारी तापते, तिच्यातून जास्त पाणी उडतं आणि गळकं तळंही निर्दोष सुटतं.

बादलीच्या आत पाण्याच्या पातळीवर एक खूण करा. तळ्याच्या पातळीची खूण त्याच पाइपवर किंवा बांबूवर. मग तळ्यात येणारं आणि जाणारं सगळं पाणी बंद करा. पंप बंद, ठिबक बंद, विहिरीतून येणारा पाइपही बंद. पंपाचा सक्शन पाइप पूर्ण बाहेर काढून ठेवा. तीन दिवसांनी, सकाळी वारा पडलेला असताना दोन्ही घटी मोजा. एका दिवसात फरक इतका बारीक असतो की फूटपट्टीची चूकच त्याच्यापेक्षा मोठी निघते. म्हणून तीन दिवस.

हे करताना एकट्याने पाण्याजवळ उतरू नका. शेवाळ धरलेल्या कागदावरून पाय घसरला तर पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही, कारण हाताला धरायला काहीच नसतं. शेततळ्यात बुडून झालेल्या मृत्यूंच्या बातम्या दरवर्षी येतात. गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडलेला हवा, हवा भरलेली ट्यूब हाताशी हवी आणि काठावर दुसरा माणूस हवा.

आकडे काय सांगतात?

समजा, तळं काठापासून मीटरभर उतरलेलं आहे. एकास एक उतारात आता पाण्याचा पृष्ठभाग २८ बाय २८ मीटर, म्हणजे ७८४ चौरस मीटर. तीन दिवसांत बादलीतलं पाणी ११ मिमी उतरलं आणि तळ्याचं २९ मिमी. बादलीतून पाणी फक्त उडू शकतं, गळू शकत नाही. तेव्हा ११ मिमी हवेत गेलं. उरलेले १८ मिमी, म्हणजे रोजचे ६ मिमी, दुसरीकडे कुठेतरी गेले. ७८४ गुणिले ६, म्हणजे दिवसाला सुमारे ४,७०० लिटर.

हाच वेग शंभर दिवस टिकला असं धरलं, तर ४ लाख ७० हजार लिटर. एकरी ३०० झाडांची डाळिंबाची बाग आणि उन्हाळ्यात झाडामागे रोज ४० लिटर असा हिशोब केला, तर बागेला रोज १२ हजार लिटर लागतात. म्हणजे थंडीत नकळत गेलेलं हे पाणी उन्हाळ्यातले ३९ दिवस होतं. पावसाने जून कोरडा काढला तर बाग वाचणं किंवा न वाचणं एवढ्याच दिवसांवर ठरतं.

दोन्ही घटींमधला फरक दिवसाला १ मिमीच्या आत असेल तर स्वस्थ बसायला हरकत नाही. बादलीच्या काठामुळे आतल्या पाण्याला वारा थोडा कमी लागतो, तेवढा फरक चाचणीचाच असतो. २ मिमीच्या वर गेला तर शोध सुरू करायचा.

कागदावर आरोप करण्याआधी पंप तपासा

पहिली चाचणी सक्शन पाइप बाहेर काढून केली. आता तो पाइप नेहमीसारखा तळ्यात सोडा, पंप बंदच ठेवा आणि पुन्हा तीन दिवस मोजा. या वेळी घट वाढली तर दोष कागदाचा नाही.

बरीच शेततळी भराव घालून जमिनीच्या वर उचललेली असतात आणि शेत खाली असतं. पंप बंद केला तरी पाइप पाण्याने भरलेला असतो. पुढचा व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर पाणी बांधावरून चढून आपोआप खाली वाहत राहतं. डिझेल काढायला नळी तोंडाने ओढून सोडतात, तोच हा सायफन. वीज नाही, मोटरचा आवाज नाही, रात्रभर पाणी चालू. फूट व्हॉल्व्ह, ज्याला गावाकडे सर्रास 'फुटबॉल' म्हणतात, तो इथे कामी येत नाही. तो पाण्याला तळ्यात परत जाण्यापासून अडवतो, शेताकडे जाण्यापासून नाही. उपाय अगदी स्वस्त आहे. पाइपच्या सगळ्यात उंच जागी हवा आत घेणारा व्हॉल्व्ह किंवा साधी चावी बसवा आणि पंप बंद केल्यावर ती उघडा. हवा शिरली की सायफन तुटतो.

भरावातून आरपार पाइप काढलेला असेल तर शेवटच्या गेट व्हॉल्व्हखाली बाटली धरा. १ लिटरची बाटली मिनिटात भरली तर दिवसाला १,४४० लिटर गेले. ३० बाय ३० च्या तळ्यात पातळीची ही १.६ मिमी घट झाली. ठिबकच्या फिल्टरचा बॅकवॉश व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिलेला असतो, तोही एकदा बघून घ्या.

पातळी कुठे थांबते, तिकडे लक्ष द्या

पंप आणि पाइप निर्दोष सुटले, तर आता पाळी कागदाची. पण हजारभर चौरस मीटरच्या काळ्या कागदात बोटाएवढं भोक शोधायचं कसं? यातलं निम्मं काम पाणीच करून देतं.

भोकातून किती पाणी जाणार हे भोकावर किती उंच पाणी उभं आहे यावर ठरतं. १ सेंमी व्यासाच्या भोकावर २ मीटर पाणी असेल आणि बाहेर मोकळी हवा असेल, तर दिवसाला सुमारे २५ हजार लिटर वाहून जातील. प्रत्यक्षात कागदामागे माती असते आणि ती पाणी अडवते. काळ्या चिकणमातीत हेच भोक महिनोनमहिने लक्षातही येत नाही. मुरूम किंवा फुटका खडक असेल तर तळं बघता बघता खाली जातं. एकाच कंपनीचा, एकाच जाडीचा कागद शेजारच्या तळ्यात टिकला आणि आपल्यात 'फेल' गेला, असं वाटतं तेव्हा फरक बऱ्याचदा खालच्या मातीचा असतो.

पातळी उतरेल तसा भोकावरचा दाब कमी होतो आणि गळती मंदावते. पातळी भोकाच्या खाली गेली की ती थांबतेच. मग उरते फक्त बाष्पीभवनाची घट. म्हणून बादली तशीच ठेवून दर तीन दिवसांनी दोन्ही आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. ज्या टप्प्यावर तळ्याची घट बादलीच्या घटीइतकी झाली, त्या पाणरेषेच्या किंचित वर चारही बाजूंनी शोधायचं. सगळा कागद नाही, फक्त हातभर रुंदीचा पट्टा. तळं पूर्ण रिकामं करण्याची गरज यामुळेच टळते.

पातळी कितीही उतरली तरी फरक कायम राहिला तर भोक तळाशी आहे. तेव्हा घाई करू नका. बागेला पाणी देता देता तळं उन्हाळ्यात रिकामं होणारच आहे, दुरुस्ती तेव्हाची ठरवा. आत्ता फक्त बाहेरून भराव सांभाळा.

हिवाळाच का बरा?

शोधाला हा हंगाम सगळ्यात सोयीचा. पाऊस नसल्याने हिशोबात बाहेरचं पाणी मिसळत नाही. तळं भरलेलं असतं, म्हणजे दाब पूर्ण असतो. आणि आजूबाजूचं गवत वाळलेलं असतं. भरावाच्या बाहेरच्या पायथ्याशी एखादाच हिरवागार पट्टा दिसत असेल, माती पायाखाली दबत असेल किंवा पांढरा क्षार वर आला असेल, तर आतली गळती त्याच बाजूला असण्याची शक्यता मोठी.

पायथ्याशी पाणी झिरपत असेल तर ते काचेच्या ग्लासात घेऊन बघा. स्वच्छ पाणी म्हणजे गळती. गढूळ पाणी म्हणजे गळतीबरोबर भरावातली मातीही बाहेर येतेय आणि आत पोकळी तयार होतेय. अशा वेळी तपासणीचा विचार बाजूला ठेवून पंपाने पातळी ताबडतोब खाली आणा. भराव फुटला तर लाखो लिटर पाणी एकदम खालच्या शेतात, कधी वस्तीत शिरतं.

थंडीचा कागदावरही परिणाम होतो. हे प्लास्टिक तापमानाने बरंच आकसतं. ३० मीटर लांबीचा उघडा पट्टा दुपारी ४० अंशांवर आणि पहाटे ८ अंशांवर असेल, तर तो १५ ते २० सेंमी आखडू पाहतो. कागद टाकताना ढील ठेवलेली नसेल तर हा ताण कोपऱ्यांवर, जोडांवर आणि पाइपभोवतीच्या कॉलरवर येतो. म्हणून पाण्याच्या वरचा पट्टा तपासताना सुरुवात याच जागांपासून करा. त्यानंतर उंदीर-घुशींच्या बिळांकडच्या बाजू, कुत्री किंवा रानडुकरं पाणी प्यायला उतरतात त्या जागा (नखांचे ओरखडे लांबट दिसतात) आणि कागद गाडलेला वरचा चर. लव्हाळ्याचे कोंब पातळ कागद खालून वर भेदतात, तेही टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडून.

संशयित जागा पाण्याखाली पण हाताच्या अंतरावर असेल तर खाण्याच्या रंगाची चाचणी करता येते. वारा नसताना पिचकारीने किंवा सिरिंजने थोडा गडद रंग त्या जागेजवळ हलकेच सोडा. भोक असेल तर रंगाची रेघ तिकडे ओढली जाते. पाणी गढूळ असेल तर रंगाऐवजी दूध वापरून बघा. तळ्यात मासे सोडलेले असतील तर पोटॅशियम परमँगनेटसारखं औषध टाकायचा मोह टाळा.

एक फसवी शक्यताही आहे. पावसाळ्यानंतर भूजल वर असताना कागदाखाली पाणी किंवा वायू साचून तो मध्येच फुगतो. फुगवट्यामुळे तळ्याची पातळी उगाच वर दिसते. डिसेंबरनंतर भूजल उतरतं, फुगवटा बसतो आणि पातळी खाली येते. पाणी मात्र कुठेच गेलेलं नसतं. अशी घट एकदाच होते आणि पुढच्या तीन दिवसांच्या मापात ती दिसत नाही.

भोक सापडलं. आता?

सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन किंवा पीव्हीसी पाइपचं सिमेंट वापरू नका. शेततळ्याचा कागद पॉलिथिलीनचा असतो आणि त्याला साधा गोंद धरत नाही. दोन दिवस चिकटल्यासारखा दिसतो, मग पाण्याखाली सुटतो. टिकाऊ जोड गरम हवेच्या मशीननेच होतो. त्याच प्रकारचा कागद, भोकाच्या चारही बाजूंनी किमान १०-१५ सेंमी मोठा, कोपरे गोल कापलेला. चौकोनी ठिगळ कोपऱ्यातूनच उचकटायला लागतं. जागा धुऊन पूर्ण कोरडी झालेली हवी. तात्पुरतं काम भागवायचं असेल तर ब्युटाइल टेप चालते. कागदाची वॉरंटी शिल्लक असेल तर हात लावण्याआधी बिलासह फोटो काढून पुरवठादाराला कळवा. तारखेसह लिहिलेले तीन-तीन दिवसांचे आकडे तिथेही उपयोगी पडतात.

ठिगळ मारल्यावर तळं पुन्हा भरा आणि बादली पुन्हा त्याच जागी बांधा. तीन दिवसांनी दोन्ही घटी सारख्या आल्या तर काम झालं. फरक निम्म्यावर आला पण संपला नाही, तर दुसरं भोक आहे, आणि पातळी पहिल्यापेक्षा खाली गेल्यावरही फरक राहिला तर ते पहिल्याच्या खाली आहे.